पांढरी पाचच्या थोडं वर

“ताई, निम्म्या घरांत ती तिसरी, अर्थिंगची पिन नुसती शोभेला असते.” साउंडवाला मुलगा हे इतक्या सहज बोलून गेला की मी आधी हसले. सप्ताह, लग्नं, गणपती असल्या कामांत कोवळ्या वयातच मुरलेला पोरगा. त्याने पिशवीतून दोन टू-पिन कन्व्हर्टर काढले, तिसरी पिन बोर्डापर्यंत पोचू न देणारे, माझ्या दोन्ही स्पीकरचे टॉप बोर्डातून उपसून त्यांत खोचले आणि परत बोर्डात बसवले. त्यासरशी कित्येक दिवस खोलीत मुक्काम ठोकून बसलेलं ते ‘घूंऽऽ’ गेलं. पार गेलं. त्याने चहा घेतला, पैशांचं नाव काढू दिलं नाही, गणपतीत त्याच्या मंडळात गायला येईन असं माझ्याकडून वदवून घेतलं आणि गाडीला किक मारून निघून गेला. मी त्या कन्व्हर्टरकडे बघत बसले. निम्म्या घरांत शोभेला, मग उरलेल्या निम्म्या घरांत ती काय करते? आणि माझं घर कुठल्या निम्म्यात धरायचं?

मिरजेत एका जुन्या घराच्या पहिल्या मजल्यावर मी भाड्याने राहते. सकाळी रियाज, दुपारनंतर शिकवण्या, रात्री परगावच्या विद्यार्थिनींनी पाठवलेलं गाणं ऐकणं आणि त्यांच्यासाठी पलटे, बंदिशी रेकॉर्ड करून पाठवणं. त्यासाठीच हे दोन पॉवर्ड स्पीकर घेतले. ॲम्प्लिफायर पोटातच असलेले, स्टुडिओत मॉनिटर म्हणून ठेवतात तसले. गाण्याला गोडवा चढवणारे स्पीकर मला नकोच होते. आवाज जसा आहे तसा तोंडावर सांगणारे हवे होते. त्यांनी ते जरा जास्तच मनावर घेतलं. तेव्हा तंबोरा जवारीला दिलेला होता, म्हणून सकाळी फोनवरचा तानपुरा या स्पीकरांतून लावायचे. पण सा लावला की तो कुठे टेकतच नसे. आवाज लागलाय हे गळ्याला कळत होतं आणि कानाला पटत नव्हतं.

हिशोब नंतर मांडला. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते. पेटीवर पांढरी पाच म्हणतो त्या स्वराचं अगदी खालचं रूप ४९ हर्ट्झचं, आणि त्याच्या शेजारची काळी चार ५२ला जेमतेम कमी. म्हणजे वीज पांढरी पाचलाच गाते म्हणायचं, फक्त चढी. माझ्या पाच इंची स्पीकरमधून ५० हर्ट्झ धड ऐकूही येत नाहीत. कानावर पडतात त्यांच्या पटी, १००, १५०, २००. माझा सा पांढरी पाचचा, १९६ हर्ट्झचा. १९६ आणि २०० शेजारी-शेजारी वाजले की त्यांच्यातल्या फरकाचे ठोके पडतात, सेकंदाला चार. वांव-वांव-वांव-वांव. पहाटे, डोळे मिटून, खर्जापासून वर येताना कुणीतरी तुमच्या सा-ला असं सतत कोपराने ढोसत राहिलं तर काय होईल? मी चिडचिडी झाले होते. शिकवणीच्या मुलींनी ते बोलून दाखवलं नाही, पण त्या वेळेवर यायला लागल्या होत्या.

तंबोरा आणायला गेले तेव्हा कारागीर चाचांना फोनवर टिपलेलं ते घूं, म्हणजे हमिंग, ऐकवलं. त्या गल्लीत दीडशेहून जास्त वर्षं सतारी-तंबोरे घडताहेत. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं, पण तिथल्या लाकडाच्या आणि लाखेच्या वासात त्याने काही फरक पडलेला नाही. चाचांनी हातातली कानस बाजूला ठेवली, मान तिरकी केली. “पाचच्या वर गेलंय, चारला पोचलं नाही,” ते म्हणाले. मग, “कुणाचं आहे?” मी म्हटलं, विजेचं. ते खूप वेळ हसले. “मग ह्याची खुंटी कुठंय?”

माझ्यासमोर त्यांनी शेवटची तार पाहिली. घोडीच्या माथ्यावर तार आणि हाड यांच्यामध्ये सूत अगदी केसभर पुढे, केसभर मागे सरकवत ते थांबत होते, आणि एका जागी ती तार एकदम उजळली. जवारी म्हणजे तरी काय, तार घोडीला घासून झणझणते तेच. मूळ स्वराच्या वरच्या पटी मोकळ्या सोडण्याची कारागिरी. त्या झणझणण्यासाठी मी पैसे मोजत होते आणि घरातलं झणझणणं घालवण्यासाठीही मोजणार होते. तंबोऱ्याच्या पटी माझ्या सा-तून निघतात, विजेच्या तिच्या स्वतःच्या सा-तून, भांडण एवढंच. पण खरं सांगायचं तर त्या दुपारी घरी येऊन तंबोरा छेडला तेव्हा त्या दोन आवाजांत मला पहिल्यांदाच काहीतरी नातं वाटलं, आणि हमिंगचा राग थोडा उतरला.

खुंटी नाही असं चाचा म्हणाले, तेही पूर्ण बरोबर नाही. विजेचा स्वर जनित्रांच्या फिरण्यावर ठरतो. मागणी चढली की सगळी जनित्रं किंचित मंदावतात, मागणी उतरली की किंचित वेग घेतात, आणि कुठे पाणी सोडून, कुठे कोळसा वाढवून तो स्वर ५०च्या आसपास धरून ठेवणारी माणसं अहोरात्र बसलेली असतात. ३१ डिसेंबर २०१३ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वीजवाहिनी जोडली गेली, दक्षिणेचं जाळं बाकीच्या देशाच्या जाळ्याला मिळालं आणि तेव्हापासून हे सगळं एकाच लयीत हेलकावतं. माझ्या खोलीतलं घूं आणि मदुराईतल्या एखाद्या देवळाच्या कर्ण्यातलं घूं एकाच क्षणी एकाच सुरात असतं. वादकांना जमत नाही ते. न्यू जर्सीतली माझी मामेबहीण पेटी शिकवते, तिला विचारलं तर म्हणाली, “आमच्याकडे साठ.” साठ म्हणजे काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोब्बर मध्ये, तिथे तर कुठल्याच पट्टीवाल्याची सोय नाही. आणि या हेलकाव्यातले बारीक चढउतार कधीच हुबेहूब तसेच परत येत नाहीत, म्हणून ध्वनिफीत केव्हाची आहे, मध्ये कापली आहे का, हे तिच्यात नकळत शिरलेल्या हमिंगवरून तपासणारे न्यायवैद्यक तज्ज्ञसुद्धा आहेत. मी जे पुसायला निघाले होते तेच कुणीतरी पुरावा म्हणून जपतं.

तरी ती तिसरी पिन मनातून जाईना. कन्व्हर्टर मी त्याच रात्री काढून ठेवले होते, घूं परत आलं होतं, आणि त्याच्यासोबत एक जुनी गोष्ट वर आली होती.

आजोळी सप्ताह असायचा. देवळासमोर मांडव, लिंबाच्या फांदीला बांधलेला कर्णा, आणि एका लाकडी खोक्यावर मशीन. ॲम्प्लिफायर हा शब्द तिथे कुणी वापरत नसे. मशीन सुरू झालं की आधी घूं यायचं, मग ‘हॅलो, हॅलो’, मग कुणीतरी ओरडायचं, “अरे, पिन उलटी कर!” दोन पिनांचा टॉप उपसून उलटा बसवला की घूं कमी व्हायचं, आणि मंत्र टाकल्यासारखा सगळा मांडव समाधानाने मान डोलवायचा. भजनाचे बुवा मात्र काहीही झालं तरी माईकला आपला पांढरा रुमाल गुंडाळूनच उभे राहायचे. मला वाटायचं स्वच्छतेसाठी. एकदा गजराच्या भरात रुमाल सरकला. मांडवात नुकताच सडा पडलेला, बुवा अनवाणी, आणि ओठ माईकच्या जाळीला लागले. बुवांच्या तोंडून जो आवाज निघाला तो कुठल्याच सप्तकातला नव्हता. टाळकरी थांबले, मृदंग थांबला. बुवांनी रुमाल परत गुंडाळला, म्हणाले, “मारतं जरा,” आणि तोच अभंग त्याच कडव्यापासून उचलला. सगळे हसले. मीही. आज त्या दोन पिनांच्या टॉपाबद्दल, अर्थिंग नसलेल्या त्या मशीनबद्दल आणि ओल्या मातीतल्या त्या पायांबद्दल विचार केला की हसू येत नाही. ‘मारतं जरा’ यातलं ‘जरा’ कोण ठरवत होतं?

कदाचित म्हणूनच मी त्या स्पीकरांच्या मागे हात धुऊन लागले. यंत्रांची मला आवड नाही, पण ऐकण्याचा पेशा आहे, आणि हे दुखणं बरंचसं ऐकूनच शोधायचं असतं. पहिल्यांदा स्पीकर चालू ठेवून त्याला येणारी सिग्नलची केबल उपसायची. तरीही घूं येत राहिलं तर रोग स्पीकरच्या पोटात. पॉवर सप्लायमधले कपॅसिटर वयाने सुकले, फुगले की एसीचं डीसी होताना उरलेली लहर आवाजात उतरते. ती १०० हर्ट्झची असते, कारण एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर लाटेची खालची बाजूही वर उलटवतो. तसं असेल तर स्पीकर दुरुस्तीला द्यायचा, घरी स्क्रू उघडायचे नाहीत, आतले मोठे कपॅसिटर वीज बंद केल्यावरही भरलेले राहू शकतात. माझ्याकडे केबल उपसली आणि खोली गप्प झाली. म्हणजे स्पीकर निर्दोष, घूं केबलवाटे येतंय. मग मागचं व्हॉल्यूमचं बटण. ते फिरवल्यावर गाण्याबरोबर हमिंगही वाढत-उतरत असेल तर हमिंग बटणाच्या आधीच आत शिरलेलं आहे. तसंच होतं.

बटणाबद्दल बोलतेच आहे तर एक राग काढून घेते. स्पीकरचं बटण शेवटपर्यंत पिळून ठेवायचं आणि मग लॅपटॉपजवळच्या इंटरफेसवर, म्हणजे माईक, लॅपटॉप आणि स्पीकर यांना जोडणाऱ्या खोक्यावर, आवाज अगदी खाली धरून बसायचं, ही सवय मी कितीतरी घरगुती स्टुडिओंत पाहिली आहे. स्पीकर मग वाटेतला सगळा कचरा इमानेइतबारे मोठा करतो, आणि ट्विटरमधून, म्हणजे उंच स्वरांच्या छोट्या स्पीकरमधून, सूंऽऽ येतं म्हणून शिव्या त्यालाच. काही स्पीकरांच्या मागे येणारा सिग्नल दमदार की हलका हे ठरवणारा +४ आणि −१० असा खटका असतो. दोन्हींत साधारण १२ डेसिबलचा फरक. इंटरफेसमधून दमदार सिग्नल येत असताना खटका −१०वर राहिला तर स्पीकर विनाकारण कान टवकारून बसतो. स्पीकरचं बटण मधल्या खाचेवर ठेवावं, सिग्नल तिकडून पुरेसा पाठवावा. ट्विटरला कान लावला तर थोडं सूं ऐकू येणारच, पण गायला बसायच्या जागेवरून येऊ नये.

माझ्याकडे आणखी एक गोम होती. डावा स्पीकर उजव्यापेक्षा हळू वाजायचा आणि हमिंग मात्र त्यातूनच जास्त. गोडवा कमी आणि कुरकुर जास्त, असं एखाद्या माणसाचं असतं, स्पीकरचं का असावं? आधी शंका माझ्या कानावर, मग खोलीच्या कोपऱ्यावर. शेवटी दोन्ही केबली इंटरफेसपाशी तशाच ठेवून स्पीकरपाशी अदलाबदल केल्या, आणि हळूपणा उजवीकडे गेला. हमिंगही त्याच्यामागून गेलं. म्हणजे स्पीकर नव्हे; केबल, नाहीतर इंटरफेस. साउंडवाल्या पोराने जॅक उघडून दाखवला: तीन जोडांपैकी एक सुटून नुसता टेकलेला. बॅलन्स्ड केबलमध्ये सिग्नल दोन तारांनी जातो, एकीत सुलटा, दुसरीत उलटा. वाटेत विजेची घरघर दोन्हींवर सारखीच चढते. पलीकडे स्पीकर दोघींची वजाबाकी करतो. उलटसुलट सिग्नल दुप्पट होतो आणि सारखी चढलेली घरघर शून्याला जाते. मला ही कल्पना इतकी आवडली की मी ती सगळ्या मुलींना समजावून सांगितली, त्यांनी सहनही केली. पण एक तार तुटली की वजा करायला काही उरतच नाही. सिग्नल निम्मा, म्हणजे ६ डेसिबलने खाली, आणि घरघर जशीच्या तशी. आवाज कमी आणि हमिंग जास्त, ही दोन दुखणी नव्हतीच, एकाच सुटलेल्या जोडाची दोन टोकं होती. पोराने तिथल्या तिथे सोल्डर केलं.

डावं-उजवं सारखं झालं. हमिंग खूप उतरलं. संपलं नाही.

आणि आता ते हळू झाल्यामुळे त्याच्या लहरी ऐकू यायला लागल्या. रात्री जवळजवळ नसायचं. सकाळी सहा ते साडेसात, माझ्या ऐन रियाजाच्या वेळी, चढायचं. फ्रिजची मोटर सुरू झाली की हलकेच एक पायरी वर. आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या न्हाणीघरात बादली सरकल्याचा आवाज आला की त्याच्या थोडं आधीपासून चढलेलं असायचं, गीझरची वेळ. लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवला की सगळं शांत. चार्जर होता दाराजवळच्या बोर्डात, जो मालकांनी मागाहून वॉशिंग मशीनसाठी बसवून घेतला होता. स्पीकर होते खिडकीखालच्या जुन्या बोर्डात, लाकडी पट्टीवरून क्लिपा मारत आलेल्या वायरिंगवर. दोन बोर्डांच्या दोन अर्थिंगांमध्ये काहीतरी फरक होता आणि त्या फरकाचा करंट माझ्या सिग्नलच्या केबलच्या शिल्डमधून, म्हणजे तारांभोवतीच्या धातूच्या जाळीतून, इकडून तिकडे वाहत होता. चांगल्या बॅलन्स्ड केबलने खरं तर हे ऐकू येऊ नये. पण बऱ्याच यंत्रांत शिल्ड बाहेरच्या पत्र्याला न जोडता आतल्या सर्किटला जोडतात आणि तो करंट घरात घेतात. नील मन्सी या ध्वनितंत्रज्ञाने १९९५ साली त्यावर सविस्तर लिहिलं, साउंडवाले त्याला ‘पिन वन’चा घोटाळा म्हणतात, कारण माईकच्या केबलीत शिल्ड पहिल्या पिनेवर असते, आणि अशी यंत्रं अजून सर्रास मिळतात.

हे सगळं तोडायला तो कन्व्हर्टर पुरतो, ही त्याची मोहिनी. स्पीकरची तिसरी पिन गेली, वर्तुळ तुटलं, करंटला वाट नाही, घूं बंद. पण ती पिन गाण्यासाठी नसतेच. आत कधी फेज पत्र्याला टेकली तर तिने ती जमिनीत ओढून फ्यूज उडवावा म्हणून ती असते. वर्तुळ तोडायचंच तर सिग्नलच्या वाटेवर तोडावं. त्यासाठी ऑडिओ ट्रान्सफॉर्मरचे आयसोलेटर मिळतात, वाद्य आणि मिक्सर यांच्यामध्ये लावतात त्या डीआय बॉक्सवर सिग्नलची अर्थिंग सोडवणारा ग्राउंड लिफ्टचा खटका असतो. विजेच्या टॉपाला हात लावू नये. हे मी साउंडवाल्या पोराला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, “ताई, आम्ही मांडवात असंच करतो सगळे.” थोड्या वेळाने म्हणाला, “तुम्ही वायरमन बोलवा एकदा.”

वायरमन काका आले, पायात रबरी चप्पल, कानावर पेन्सिल. त्यांनी खिडकीखालच्या बोर्डात टेस्ट लॅम्प लावला. फेज आणि न्यूट्रल, बल्ब लख्ख. फेज आणि अर्थिंग, बल्ब तितकाच लख्ख. “अर्थिंग चांगलंय की,” ते म्हणाले. मी म्हटलं, काका, बोर्ड उघडून बघा ना. त्यांनी माझ्याकडे जरा बघितलं, मेन स्विच पाडला आणि चार स्क्रू काढले. हिरवी वायर नव्हतीच. न्यूट्रलच्या स्क्रूवरून बोटभर लांबीचा काळ्या वायरचा तुकडा अर्थिंगच्या पिनेला नेऊन जोडला होता. काकांनी तो चिमटीत धरून दाखवला, काही बोलले नाहीत. आधीच्या कुणीतरी, अर्थिंगची वायर ओढायचा कंटाळा करून, न्यूट्रललाच अर्थिंग म्हणून उभं केलं होतं. म्हणून टेस्ट लॅम्प लख्ख पेटत होता. घरातला आणि वरच्या मजल्यावरचा परतीचा सगळा करंट ज्या न्यूट्रलमधून मीटरकडे जातो, तिच्यावर गीझर लागला की दाब वाढायचा, आणि माझे स्पीकर तोच दाब अर्थिंग समजून दाराजवळच्या खऱ्या अर्थिंगशी ताडून बघत होते. बल्ब जे सांगत नव्हता ते हे घूं रोज सकाळी सहापासून सांगत होतं.

पुढचं काकांनीच सांगितलं. या बोर्डाच्या मागे कुठे न्यूट्रल सैल झाली असती, आणि जुन्या पट्टी वायरिंगमध्ये ती होतेच, तर चालू असलेल्या पंख्यातून, दिव्यातून फेज त्या तुकड्यावाटे उलटी पिनेवर आली असती. पिनेवरून स्पीकरच्या पत्र्यावर, पत्र्यावरून केबलच्या शिल्डमध्ये, शिल्डमधून इंटरफेसला, इंटरफेसमधून माईकच्या जाळीवर. लॅपटॉप बॅटरीवर ठेवलेला, म्हणजे करंटला दुसरी वाट नाही. हमिंग नाही म्हणून मी खुशीत. ओठ माईकपासून चार बोटांवर. आमच्या बुवांच्या माईकला निदान रुमाल होता.

मालकांना फोन केला. ते कोल्हापूरला असतात, स्वभावाने वाईट नाहीत. “इतकी वर्षं तसंच आहे, काही झालं नाही कधी,” हे त्यांचं पहिलं वाक्य. दुसरं, “तुम्ही गाणी रेकॉर्ड करता म्हणून हे निघालं.” हेही खरंच होतं. त्यांच्या दृष्टीने घरात दोष नव्हता, दोष ऐकणारी भाडेकरू आली होती. तिसऱ्या वाक्याला मात्र ते निम्मा खर्च द्यायला तयार झाले, आणि मी वाद घातला नाही. काकांनी मीटरपासून जुन्या बोर्डापर्यंत हिरवी वायर ओढली, तो तुकडा काढून टाकला, मेनपाशी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवला. अंगणातला अर्थिंगचा खड्डा शोधायला अर्धी सकाळ गेली, तो तुळशीच्या मागे कुंड्यांखाली निघाला, कोळसा-मीठ कधी घातलं होतं देव जाणे, माती खडखडीत. आपल्या काळ्या मातीत ओल असली की अर्थिंग छान मिळतं, उन्हाळ्यात भेगा पडल्या की तीच माती हात वर करते. आता तुळशीबरोबर त्या खड्ड्यालाही पाणी घालते. शेजारच्यांना वाटतं मी तिथे काहीतरी लावलंय.

हमिंग गेलं. पंखा दोनवर असला की रेग्युलेटरची एक बारीक कुरकुर येते, पाचवर येत नाही; तेवढं चालवून घेते. रियाजाला हल्ली पुन्हा तंबोराच असतो.

पण ज्या घरात स्पीकर नाहीत तिथे हे कुणाला ऐकू येणार? बोर्डातले ते तुकडे गप्पच असतात. वरच्या मजल्याचं वायरिंगही त्याच माणसाने त्याच सुमारास केलेलं असणार, म्हणून परवा वर गेले. काकू पोळ्या लाटत होत्या. म्हटलं, काकू, तुमचे बोर्ड एकदा उघडून बघू या का, आमच्याकडे असं असं निघालं. त्यांनी लाटणं न थांबवता ऐकलं. “आमच्याकडे तसलं काही वाजत नाही बाई.” मग पोळी उलटताना म्हणाल्या, “न्हाणीतल्या नळाला तेवढ्या मुंग्या येतात कधीमधी, गीझर लावला की. आम्ही चप्पल घालूनच पाणी सोडतो. हे म्हणतात, तुला थंडीने होतंय.”

मी गॅसजवळच उभी राहून वायरमन काकांना फोन लावला. ते म्हणाले, तोवर गीझर बंद ठेवायला सांगा, चुलीवर तापवा पाणी. शनिवारी सकाळी येतो. काकूंना सांगितलं. “शनिवारी दहानंतर या म्हणावं, यांची पूजा आटोपते,” काकू म्हणाल्या, “आणि येतातच आहेत तर तेवढी बेल पण बघा म्हणावं, वाजतच नाही.”